उरलेल्या गाड्या

ऑगस्ट १९८९ मध्ये निसाननं 'स्कायलाइन जीटी-आर' हे नाव सोळा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा बाजारात आणलं. आर३२ पिढीची ती गाडी, किंमत ४४ लाख ५० हजार येन. चारच महिन्यांनी, २९ डिसेंबरला, टोकियोच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर चढला आणि नंतर असा कोसळला, की पुन्हा त्या उंचीवर पोचायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, नव्वदच्या दशकातली शेवटची जीटी-आर, म्हणजे आर३४, कायद्यानं अमेरिकेत नेता येऊ लागली होती. या दोन तारखा शेजारी येणं हा योगायोग आहे. पण त्या काळातल्या जपानी गाड्यांना आज जी किंमत मिळते, तिची सगळी गोष्ट या चौतीस वर्षांत सामावलेली आहे.

मी योकोहामात राहतो. पुण्याहून मित्रांचे फोन आले की हा विषय निघतोच. १९९९ मध्ये नवी आर३४ साधारण ५० लाख येनला मिळायची. आज चांगल्या स्थितीतली तीच गाडी जपानमध्येच दोन कोटी येनच्या आसपास आणि पुढे मागतात. रुपयांत केले तर कोटीच्या वर. "एवढं काय आहे रे तिच्यात?" असं मित्र विचारतात. खरं उत्तर असं आहे, की तिच्यात जे काय आहे ते १९९९ मध्येही होतंच, आणि २००९ मध्येही होतं, जेव्हा या गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. किंमत वाढली ती गाडीत काही नवं आल्यामुळे नाही. भोवतालच्या गाड्या संपत गेल्या, म्हणून ती वाढली.

आधी गाडीबद्दल बोलतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात निसानमध्ये '९०१' नावाची मोहीम चालू होती. १९९० पर्यंत रस्त्यावरच्या पकडीत आणि हाताळणीत जगात पहिला नंबर मिळवायचा, एवढंच तिचं उद्दिष्ट. पैसा स्वस्त होता, बँका दारात उभ्या होत्या, येन मजबूत होता. आर३२चे प्रमुख अभियंता नागानोरी इतो यांच्या चमूनं गाडीची सुरुवात शर्यतीच्या नियमापासून केली. 'ग्रुप ए' शर्यतीत टर्बो इंजिनाची क्षमता १.७ नं गुणून वर्ग ठरायचा. २,५६८ सीसीला १.७ नं गुणलं की ४,३६६ होतात, म्हणजे साडेचार लिटरच्या वर्गात गाडी बरोबर बसते. इंजिनाचा तो विचित्र आकडा तिथून आला आहे. तिच्या या आरबी२६ इंजिनाचा ब्लॉक ओतीव बिडाचा. शर्यतीत त्यातून सहाशेच्या घरात अश्वशक्ती काढायची होती, म्हणून तो तेवढा दणकट ओतला. पण रस्त्यावरच्या गाडीच्या कागदावर लिहिली गेली २८० अश्वशक्ती, कारण जपानी कंपन्यांमध्ये तसा अलिखित समझोता होता आणि तो थेट २००४ पर्यंत पाळला गेला. गिऱ्हाईकाला मिळत होतं, ते कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठं सामर्थ्य सोसणारं इंजिन. जपानच्या ग्रुप ए मालिकेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत आर३२ एकोणतीस शर्यती धावली आणि एकोणतीसच्या एकोणतीस जिंकली. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यत तिनं सलग दोन वर्षं मारली. तिथल्या एका मासिकानं तिला 'गॉडझिला' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

ही एकटीच नव्हती. होंडाची एनएसएक्स १९९० मध्ये आली, ८० लाख येनची, आख्खी बॉडी ॲल्युमिनिअमची. तिच्या चाचणीसाठी सुझुका ट्रॅकवर आयर्टन सेनाला बसवलं होतं. हिरोशिमाच्या माझदानं १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या, इंजिनावर जिंकली आणि त्याच वर्षी तिसरी आरएक्स-७ विकायला काढली. १९९३ मध्ये टोयोटाची सुप्रा आली. तिचंही तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बिडाच्या ब्लॉकचं. या सगळ्या गाड्यांचे आराखडे जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटण्याआधीच्या वातावरणात मनात धरले गेले आणि बऱ्याचशा विकल्या गेल्या तो फुटल्यावर. खर्च करून झाला होता, गिऱ्हाईक आटलं होतं. असा प्रसंग वाहन उद्योगात पुन्हा आला नाही, आणि येईलसं मला वाटत नाही.

आता ही गोष्ट इथवरच थांबवली, तर किंमत समजत नाही. आर३२ जीटी-आर जवळजवळ ४४ हजार बनल्या. चव्वेचाळीस हजार! संग्राहकांच्या भाषेत ही दुर्मीळ वस्तूच नव्हे. फेरारीचे जे मॉडेल लोक करोडोंना घेतात ते बहुधा मोजक्याच संख्येत बनलेले असतात. मग या चव्वेचाळीस हजारांचं झालं काय?

त्याचं उत्तर मला आमच्या स्टेशनजवळच्या गॅरेजच्या मालकांकडून मिळालं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, अजून स्वतः बोनेटखाली वाकतात. त्यांनी सांगितलं, की दोन हजारच्या दशकात त्यांनी स्वतःच्या हातानं कितीतरी स्कायलाइन सुटे भाग काढून भंगारात घातल्या. तेव्हा ती फक्त जुनी, तेल पिणारी गाडी होती. इंजिन काढायचं, गिअरबॉक्स काढायचा, पत्रा दाबायला पाठवायचा. सांगताना त्यांच्या आवाजात खेद नव्हता. धंदा तसाच चालायचा.

जपानमध्ये गाडी जुनी ठेवणं महाग पडतं, हे भारतात राहून लक्षात येत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी पासिंग करावं लागतं. ते आपल्याकडच्यासारखं दहा मिनिटांचं काम नाही. ब्रेक, दिवे, धूर, चेसिसचा गंज, सगळं तपासतात, आणि दुरुस्ती, कर, विमा धरून लाखभर येन सहज जातात. १९९५ पर्यंत तर दहा वर्षांवरच्या गाडीला हे दर वर्षी करावं लागे. रस्ता कर इंजिनाच्या क्षमतेवर लागतो, आणि गाडीला तेरा वर्षं झाली की तो आणखी चढतो. त्यात २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून सरकारनं योजना काढली: तेरा वर्षांवरची गाडी मोडीत काढा, कमी धुराची नवी घ्या, अडीच लाख येन अनुदान मिळेल. त्या वर्षी नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्या भागातली प्रत्येक गाडी त्या वयात बसत होती. चांगली चालणारी आर३२ तेव्हा दहा-पंधरा लाख येनला मिळायची.

ज्या भंगारात गेल्या नाहीत त्या राबल्या. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर रात्री पोरांनी त्या पळवल्या, ड्रिफ्टिंगमध्ये मागच्या टायरांचा धूर करत खांबांना लावल्या. निसानच्याच सिल्व्हिया या गाडीचं तर सगळं आयुष्यच त्यात गेलं. बाकीच्या परदेशी निघाल्या: न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आखात. आणि ज्या कुठेच गेल्या नाहीत त्यांना मालकांनी मनासारखं बदललं. मोठा टर्बो, कडक स्प्रिंगा, नवा सायलेन्सर, दुसरं स्टिअरिंग, भडक रंग. त्यात चूक काहीच नव्हतं. या गाड्या घ्यायच्याच त्यासाठी. पण त्यामुळे आज सगळ्यात दुर्मीळ काय झालं असेल, तर कारखान्यातून जशी निघाली तशी उरलेली साधी गाडी. मूळ स्टिअरिंग, मूळ चाकं, मूळ सायलेन्सर, अगदी मूळ एअर फिल्टरचा डबा, या वस्तू लोकांनी तेव्हा गॅरेजच्या मागे टाकून दिल्या होत्या. आता त्याच वस्तू लिलावाच्या संकेतस्थळांवर भाव खातात.

मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. सुबारूच्या २२बी सारख्या काही गाड्या कारखान्यानंच मोजून काढल्या. १९९८ मध्ये जपानसाठी फक्त ४००, जागतिक रॅलीतलं सलग तिसरं अजिंक्यपद साजरं करायला. तिची किंमत चढणार, हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. रॅलीपटू कॉलिन मॅक्रेकडे असलेली तिची एक प्रोटोटाइप, म्हणजे नमुना गाडी, २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये चार लाख ऐंशी हजार पौंडांना गेली. पण जीटी-आर, सुप्रा, आरएक्स-७, इंटेग्रा टाइप आर यांचं दुर्मीळपण कारखान्यानं ठरवलेलं नाही. ते कर खात्यानं, पासिंगच्या यंत्रणेनं, चोरांनी, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेनं आणि ऐन विशीतल्या पोरांनी मिळून तयार केलं. आज उरलेल्या गाडीचा मालक जे पैसे घेतो, त्यातला मोठा भाग न उरलेल्या गाड्यांचा आहे.

आणि मग अमेरिकेचं कॅलेंडर.

अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानं तिथल्या सुरक्षा मानकांत न बसणारी गाडी आणणं जवळपास अशक्य झालं. सूट फक्त पंचवीस वर्षं पुरी झालेल्या गाडीला, आणि ती वर्षं मोजायची गाडी बनलेल्या महिन्यापासून. स्कायलाइन जीटी-आर निसाननं अमेरिकेत कधी विकलीच नाही. म्हणजे ज्या पोरांनी ती प्लेस्टेशनवर 'ग्रान तुरिस्मो' या गेममध्ये चालवली आणि २००१ नंतर सिनेमात बघितली, त्यांना ती प्रत्यक्षात हात लावायला मिळायची वाट बघत म्हातारं व्हावं लागणार होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये पहिली आर३२ कायद्यात बसली. तोवर ती पोरं पस्तिशी-चाळिशीला आली होती, हाताशी पैसा होता, आणि जपानमध्ये गाड्या अजून स्वस्त होत्या. २०२० मध्ये आर३३ बसली, २०२४ मध्ये आर३४. लोकांनी आर३४ आधीच विकत घेऊन जपानमधल्या गोदामांत ठेवल्या होत्या. कॅनडात हीच अट पंधरा वर्षांची, म्हणून काही तिकडे नेऊन ठेवल्या होत्या. चेसिस नंबरावरून उत्पादनाचा महिना शोधून गिऱ्हाईक भाव करायचं. मार्चची गाडी सप्टेंबरच्या गाडीपेक्षा महाग, कारण ती सहा महिने आधी बंदरात उतरणार. यंत्राच्या गुणाशी याचा सुतराम संबंध नाही.

त्या पिढीत आपलीही मुलं होती, हे मी मुद्दाम सांगतो. पुण्यात सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही गेममध्ये याच गाड्या चालवल्या. १९९८ मध्ये मित्सुबिशी लान्सर भारतात आली, चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला बनायची. लान्सर इव्होल्यूशनच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या आवृत्तीची बॉडी तीच. रॅली जिंकणारी ती गाडी आणि कर्वे रस्त्यावरच्या डॉक्टरांची लान्सर, या दोघींच्या दारांची, छताची, काचांची रेघ एकच होती, आणि ते दिसल्यावर आम्हाला जो आनंद व्हायचा तो खरा होता. पण भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या पोरांना निदान वाट तरी बघता आली. आपल्याकडच्यांनी हा बाजार कायम कुंपणाबाहेरून बघितला आहे, आणि तरी चेसिस कोड पाठ असलेली मंडळी मला नाशिक-कोल्हापुरात भेटतात.

सिनेमाच्या गाड्यांचे आकडे मात्र या हिशेबात धरू नयेत, असं माझं मत आहे. 'फास्ट अँड द फ्युरिअस'ची नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली. त्याच मालिकेतली निळी आर३४ दोन वर्षांनी साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेली. ती पॉल वॉकर या नटाच्या आठवणीची किंमत होती, आणि लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं, त्यात वावगं काही नाही. पण बातमी छापून आल्यावर गल्लीतल्या प्रत्येक विक्रेत्यानं आपल्या गंजक्या सुप्राचा भाव वाढवला, आणि खरोखर गाडी चालवू पाहणारा माणूस त्यात भरडला गेला.

ज्याला खरंच घ्यायची आहे, त्यानं भावाआधी पत्रा बघावा. आर३२ असेल तर मागच्या चाकांच्या कमानी, आर३४ असेल तर बोनेट उघडून सस्पेन्शनच्या वरच्या टोकाखालचा पत्रा. तिथे गंज बाहेरून दिसेपर्यंत आत पुष्कळ पसरलेला असतो. चेसिस नंबर 'बीएनआर३२' पासूनच सुरू व्हायला हवा. साध्या स्कायलाइनला जीटी-आरची बॉडी चढवून विकणारे कमी नाहीत. आर३४ची 'बेसाइड ब्ल्यू' म्हणून दाखवलेली गाडी असेल तर बोनेटखालच्या पाटीवर 'टीव्ही२' हा रंगाचा कोड आहे का बघावं. सुरुवातीच्या आर३२मध्ये ऑइल पंप फिरवणारा क्रँकवरचा भाग अरुंद होता आणि जोरात चालवल्यावर तो दगा द्यायचा, तो बदलल्याची पावती मागावी. रोटरी इंजिनाची गाडी घेत असाल तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजल्याशिवाय खिशात हात घालू नये. जपानी लिलावात प्रत्येक गाडीला तपासनीस श्रेणी देतो, साडेचार, चार, साडेतीन, आणि अपघातानंतर सांगाडा दुरुस्त केलेली असेल तर 'आर'. 'आर' दिसली की अनेकजण पळतात. मी पळणार नाही, पण काम कुणी केलं ते विचारीन.

आणि इथे माझं बाजाराशी भांडण आहे. बाजार कमी किलोमीटरला सोनं समजतो. पाच हजार किलोमीटर चाललेली गाडी एक लाख चाललेल्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट भावात जाते. मला विचाराल तर पंचवीस वर्षांत पाच हजारच चाललेल्या गाडीचे रबरी पाइप कडक झालेले असतात, सील सुकलेली असतात, ब्रेकच्या पिस्टनला गंज धरलेला असतो. ट्रंकेत घडी न बदलता ठेवलेली पैठणी नेमकी घडीवरच फाटते, तसं हे. याउलट गॅरेजवाल्या आजोबांकडे एक राखाडी आर३२ येते. मालक पन्नाशीचे, नोकरदार, ती गाडी त्यांनी तरुणपणी घेतली आणि नंतर विकलीच नाही. दोन लाख किलोमीटर झालेत. गाडीसोबत एक नोंदवही आहे, तेलबदल, पट्टा, वॉटर पंप, सगळं तारखेसह. इंजिन एकदा उघडून बसवलं आहे. कराचा बोजा वाढला, अनुदान आलं, घरात मुलं आली, हप्ते आले, त्या प्रत्येक वेळी ही गाडी विकणं शहाणपणाचं होतं आणि त्यांनी ती ठेवली. ते रविवारी तिला दाइकोकुच्या पार्किंगवर नेतात, जिथे एक्स्प्रेसवेच्या वर्तुळाखाली या गाड्यांचे चाहते जमतात, आणि कॉफी पिऊन घरी येतात. बाजाराच्या कोष्टकात ही गाडी बरीच खाली आहे. माझ्या लेखी ती या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची गाडी आहे.

अशा मालकांना टिकवून धरलं ते सुट्या भागांनी. २०१७ च्या शेवटी निसान आणि तिची शर्यतींची शाखा निस्मो यांनी आर३२ चे बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटानं २०२० मध्ये सुप्रासाठी तेच केलं, माझदा आपल्या जुन्या 'रोडस्टर' गाड्या स्वतः दुरुस्त करून देऊ लागली. भागांच्या किमती ऐकून धडकी भरते, हे खरं. पण भाग मिळणं थांबलं की गाडी शोभेची वस्तू होते, म्हणून मला ही बातमी कुठल्याही लिलावाच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

दुःख एका गोष्टीचं आहे. गेल्या काही वर्षांत येन इतका घसरला, की डॉलर घेऊन येणाऱ्याला जपानी बाजार बराच स्वस्तात उघडा पडला. चांगल्या गाड्या बंदरातून बाहेर जात आहेत, आणि इथल्या पंचविशीतल्या मुलाला, ज्याच्या काकाकडे कधीकाळी आर३२ होती, ती आता पगारात बसत नाही. ज्या डोंगरी रस्त्यांसाठी या गाड्या घडल्या, तिथे त्या कमी कमी दिसतात.

ऑगस्ट २००२ मध्ये धुराचे नवे नियम लागू होत असताना आर३४, सुप्रा, आरएक्स-७ आणि सिल्व्हिया या चारही गाड्यांचं उत्पादन एकाच महिन्यात थांबलं. म्हणजे ऑगस्ट २०२७ मध्ये त्यातली शेवटची गाडीही पंचवीस वर्षांची होईल आणि अमेरिकेच्या कॅलेंडरची ताकद संपेल. माझा अंदाज असा, की त्यानंतर मधल्या दर्जाच्या गाड्यांचा भाव खाली येईल. २०२२ नंतर तो थोडा निवळलाच आहे. नोंदवही असलेल्या गाड्यांचा मात्र उतरणार नाही.

मेलबर्नला असलेला माझा चुलतभाऊ सध्या गाडी शोधतोय. तिथे स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे त्याला सोपं आहे. त्याला आर३४ परवडत नाही आणि आर३२ पस्तीस वर्षांची झाल्यामुळे भीती वाटते. मी त्याला आर३३ सुचवली. बोजड दिसते म्हणून तिला वर्षानुवर्षं नावं ठेवली गेली. पण इंजिन तेच, ऑइल पंपाचा तो दोष काढून टाकलेला, आणि जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंगवर तिनं आठ मिनिटांच्या आतली फेरी मारली होती. आणि आर३४ पेक्षा ती बरीच स्वस्त आहे. त्यानं कालच एका जांभळ्या गाडीचे फोटो पाठवले, बाहेरून चकचकीत. मी त्याला कळवलं आहे, की लिफ्टवर चढवून खालून काढलेले फोटो आल्याशिवाय विसार द्यायचा नाही.